घर, हप्ता आणि पेन्शन

महाराष्ट्रातील नोकरदाराचा घराचा निर्णय नेहमीच त्याच्या निवृत्तीशी जोडलेला राहिला आहे. १९७०च्या दशकापर्यंत बहुतेक पगारदार भाड्याच्या किंवा पागडीच्या खोलीत राहत. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती, त्यामुळे घर घेण्याची घाई नसे. निवृत्तीला मिळणाऱ्या प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीतून गावाकडे किंवा उपनगरात घर होई. कर्ज काढणे कमीपणाचे मानले जाई.

१९७७ मध्ये मुंबईत घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी स्थापन झाली आणि पगाराच्या भरवशावर तरुणपणीच घर घेण्याची वाट खुली झाली. पुढे आयकरातील सवलतींनी त्या वाटेला बळ दिले. तिशीत कर्ज काढायचे, पन्नाशीत फेडायचे आणि पुढे पेन्शनवर राहायचे, हा शिरस्ता पडला.

त्या शिरस्त्याचा शेवटचा टेकू आता निघाला आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन लागू राहिली नाही. तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला. खासगी नोकरीत कर्मचारी पेन्शन योजनेच्या (ईपीएस) पेन्शनसाठी साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतचाच पगार धरला जातो. त्यामुळे ३० वर्षांच्या नोकरीनंतरही महिन्याला सात हजारांच्या आसपासच रक्कम पडते. म्हातारपणाची तजवीज स्वतःच करायची असल्याने तरुण पिढी घराकडे वेगळ्या हिशेबाने पाहते.

पुण्यातील ६५ लाखांच्या फ्लॅटसाठी ५० लाखांचे कर्ज घेतले, तर स्वतःचे १५ लाख लागतात. ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सुमारे ४ लाख ८५ हजार वेगळे. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी हप्ता सुमारे ४३,४०० रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले ३५,४०० व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम आठ हजारांनी घटते. अखेरीस एक कोटी चार लाख फेडले जातात. तसाच फ्लॅट २० हजार भाड्याने मिळत असेल, तर दरमहा २३ हजारांहून अधिक हाती राहतात. शिवाय २०२३-२४ पासून मूळ पर्याय ठरलेल्या नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, म्हणजे ‘टॅक्स वाचतो’ हे कारणही दुबळे झाले.

व्याजदराचा धडाही ताजा आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. या दराशी जोडलेल्या, सात टक्क्यांनी घेतलेल्या कर्जाचा हप्ता तोच ठेवला, तर तो जवळपास सगळा व्याजातच जाऊ लागला आणि मुदत लांबली. म्हणून आज कर्ज घेणारे बोनस आला की आधी मुद्दल फेडतात. दुसरा गट भाड्याने राहून म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत आणि राष्ट्रीय पेन्शन योजनेत (एनपीएस) पैसे घालतो. नोकरीच्या शहरात भाड्याने राहून मूळ गावी छोटे घर घेणारेही आहेत.

भाड्याच्या वाटेलाही खाचखळगे आहेत. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. प्रत्येक नूतनीकरणाला भाडे वाढू शकते आणि मुदत संपली की घर सोडावे लागू शकते. वाचलेले पैसे शिस्तीने गुंतवले नाहीत, तर ना घर राहते ना पुंजी. उलट बेचाळिसाव्या वर्षी २० वर्षांचे कर्ज घेतले, तर हप्ता बासष्टीपर्यंत चालतो, आणि निवृत्ती अनेक ठिकाणी ५८व्या वर्षीच येते. म्हणून घर स्वतःचे असो वा भाड्याचे, पगार थांबल्यावर हप्ता किंवा भाडे कोणत्या पैशातून जाणार, हे पहिल्या सहीच्या आधी ठरलेले असावे लागते.