पंधरा सेकंदांचे आयुष्य

तोफ म्हटली की मराठीत क्रियापद ठरलेले : 'ओतणे'. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश युद्धनौकांवर चढलेल्या अजस्र तोफा मात्र एकसंध ओतलेल्या नव्हत्या. त्या चक्क गुंडाळलेल्या होत्या!

१९१२ साली आराखडा झालेली पंधरा इंची तोफच घ्या ना. वजन सुमारे १०० टन, लांबी १६ मीटरांहून अधिक, गोळा ८७१ किलोंचा. एवढी जाड नळी एकसंध केली, तर स्फोटाचा बहुतेक ताण आतल्या थरावरच येतो. बाहेरचे पोलाद नुसते ओझे. म्हणून न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कंपनीत, व्हिकर्समध्ये, वुलिचच्या सरकारी कारखान्यात रीत निराळी होती. पोलादाचा ठोकळा मधोमध पोखरायचा, तापवून प्रचंड दाबयंत्राखाली लांबवायचा, कातायचा, पुन्हा तापवून तेलाच्या खोल टाकीत उभा बुडवायचा. अशा नळीवर चपटी पोलादी तार ताणून थरावर थर गुंडाळायचे. एका तोफेला शंभर मैलांहून अधिक तार! त्यावर तापवलेले पोलादी आवरण चढवले, की थंड होताना ते आवळून बसे. आपला लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो, तेच तत्त्व. नळी बाहेरून अशी आवळलेली असली, की स्फोटाचा बराचसा जोर तो आवळ सोडवण्यातच खर्ची पडे. शेवटी आतून पेचदार खाचा कोरायच्या. त्यांमुळे गोळा स्वतःभोवती फिरत सरळ जाई.

या कामाला महिनोन्‌महिने लागत. आधी तोफ तपासून मग जहाज बांधायचे, तर वेळ हातचा जाणार. तेव्हाचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी एकही बार उडवून पाहण्याआधी 'क्वीन एलिझाबेथ' वर्गातील जहाजांच्या साऱ्या तोफांची मागणी नोंदवली. तारण पाहिल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही न करणाऱ्या माझ्यासारख्या बँकवाल्याच्या पोटात इथे गोळाच येतो. तोफ फसली असती, तर जहाजे निःशस्त्र! इतरांच्या चार महिने आधी घाईने पुरी केलेली एक तोफ चाचणीत खरी उतरली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता घसाऱ्याचा हिशेब. प्रत्येक बाराचे तप्त वायू नळी झिजवत. पूर्ण दारूचे सुमारे ३३५ बार झाले, की आतली नळी बदलावी लागे. गोळा नळीत असतो तो सेकंदाचे काही शतांश. गुणाकार करून पाहा : त्या नळीचे कामाचे आयुष्य पंधरा सेकंदही भरत नाही!

अशा १८६ तोफा घडल्या. पहिल्या महायुद्धातल्या काही तोफा १९४६ मध्ये सेवेत आलेल्या 'व्हॅनगार्ड'वर चढल्या. ते जहाज कधी लढलेच नाही. १९६० मध्ये मोडीत निघाले. दोन तोफा आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमसमोर उभ्या आहेत. त्यांच्यासमोर मुले फोटो काढून घेतात. खतावणीच्या एका बाजूला कारागिरांचे ते अफाट कसब मांडता येते. दुसऱ्या बाजूला, गोळा जिथे पडला तिथली माणसे. ही खाती जुळवून शिल्लक काढणे मला तरी जमलेले नाही.