लाडू गोड, पण गूळ दोनच चमचे

संक्रांत जवळ आली. घराघरात तीळ निवडायला घेतले असतील. म्हणून आज लाडवाबद्दल बोलू. पण आधी आमची एक चूक सांगते.

मागच्या वर्षी जत्रेत आमच्या बचतगटाने स्टॉल लावला होता. पुठ्ठ्यावर मीच लिहिलं, ‘शुगरवाल्यांनाही चालतील असे गुळाचे लाडू’. लाडू हातोहात संपले. आमच्या गटातल्या एका मावशींना शुगर आहे. त्यांनी ते वाचून रोज दोन लाडू आणि वर गुळाचा चहा सुरू केला. पुढच्या तपासणीत शुगर चांगलीच वाढलेली निघाली. मावशी म्हणाल्या, “अगं, साखरेला तर मी हातसुद्धा लावला नाही!” मला त्यांच्याकडे बघवेना.

गूळ आणि साखर दोन्ही उसाचीच. 100 ग्रॅम गुळात साधारण 85 ग्रॅम साखरच असते. गुळात थोडे क्षार जास्त असतात, पण रक्तातली साखर तो साखरेसारखीच वाढवतो. मध, खजूर यांचंही तेच. म्हणजे साखर बदलून भागत नाही, गोडाचं प्रमाणच कमी करावं लागतं.

दुसरी गोष्ट पिठाची. रव्याच्या किंवा कणकेच्या लाडवात गोड काढलं तरी पीठ उरतंच, आणि पोटात गेल्यावर पिठाचीही साखरच होते. शेंगदाणे, तीळ, जवस, सुकं खोबरं यांत पिठूळपणा कमी. तेल, प्रथिनं आणि चोथा जास्त. म्हणून साखर हळू वाढते आणि पोटही भरल्यासारखं वाटतं.

आता कृती. शेंगदाणे एक वाटी, तीळ अर्धी वाटी, जवस पाव वाटी, किसलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, चिरलेला गूळ दोन मोठे चमचे म्हणजे साधारण 30 ग्रॅम, वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ. एरवी एवढ्या जिनसांना आपण वाटीभर गूळ घालतो.

शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून सोला. काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशी लागलेले दाणे आधीच काढून टाका. तीळ, जवस आणि खोबरं वेगवेगळं भाजा, कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. जवस तडतडले की उतरवा आणि बारीक दळा. अख्खे जवस न पचता तसेच बाहेर पडतात. तीळ जाडसर कुटा. मग शेंगदाणे आणि गूळ तेल सुटेपर्यंत कुटा. लाडू वळले जातात ते या तेलामुळे, म्हणून इथे घाई करू नका. सगळं एकत्र करून छोट्या लिंबाएवढे पंधरा लाडू वळा. एका लाडवात दोन ग्रॅम गूळ जातो, म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी. वेलची, जायफळ आणि मिठाने तेवढाच गूळ जास्त गोड लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात हे लाडू आठवडाभर टिकतात, नंतर खवट होतात.

आता जपायचं काय ते सांगते. लाडू दिवसाला एकच खा. त्यात तेल भरपूर आहे, चार खाल्ले तर वजन वाढेल. शेंगदाणे किंवा तीळ सोसत नसतील तर खाऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि लाडू म्हणजे औषध नव्हे, गोळ्या बंद करू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. शुगरची गोळी किंवा इंजेक्शन चालू असताना एकदम घाम सुटला, हात थरथरले, गरगरलं, तर शुगर उतरलेली असू शकते. तेव्हा हा लाडू उपयोगाचा नाही, कारण त्यातली साखर हळू चढते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

यंदा आमच्या पुठ्ठ्यावर ‘शुगरवाल्यांसाठी’ हा शब्द नसेल. ‘कमी गुळाचे लाडू, एका लाडवात दोन ग्रॅम गूळ’ एवढंच लिहू. विकत घेणारी बाई आपल्या शब्दावर विश्वास ठेवते, आणि तिच्या घरीही एखादी मावशी असते.