नियम, उदाहरण आणि प्रत्युदाहरण

नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात संगणकाचे शिक्षणही दूरशिक्षणाने दिले जाते. एकट्याने पुस्तक वाचणाऱ्या अशा विद्यार्थ्याची शंका पुस्तकालाच आधी ओळखावी लागते. त्यामुळे भावी आज्ञावलीकारास विषय समजावताना आरंभ नियमापासून करावा की उदाहरणापासून, हा प्रश्न येथे केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच याची दिशा दाखविली आहे. सूत्रातील पदे सुटी करणे एवढेच व्याख्यान नव्हे. उदाहरण, प्रत्युदाहरण व वाक्याध्याहार मिळून व्याख्यान पूर्ण होते.

'सी' भाषेत दहा घटकांच्या अ‍ॅरेचे क्रमांक ० ते ९ असतात, हा नियम. शेवटच्या घटकाचा क्रमांक ९, हे उदाहरण. १० क्रमांकाचा घटक मागणारी आज्ञावली हे प्रत्युदाहरण. आणि क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर, हा अध्याहार. कंपायलर अशी आज्ञावली पुष्कळदा निमूटपणे स्वीकारतो. प्रत्युदाहरण वगळल्यास एकट्या विद्यार्थ्यास आपली चूक उमगणेच कठीण होते.

क्रम मात्र सर्वांस एकच नसावा. सोडवून दाखविलेली उदाहरणे नवशिक्यांस उपकारक ठरतात, हे स्वेलर व कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या आधारे दाखविले. तेच साहाय्य जाणकारांस अडथळा होऊ शकते, असे काल्युगा व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रतिपादिले. म्हणून नवख्यास उदाहरणाकडून नियमाकडे न्यावे, अनुभवी आज्ञावलीकारास नियमाकडून थेट प्रत्युदाहरणाकडे. प्रत्युदाहरण मात्र दोघांसही हवेच.