नागपूरच्या उन्हातील फायबरचा जोड

घरोघरी पोहोचणाऱ्या ब्रॉडबँडचा भार ज्या काचेच्या तंतूवर असतो, त्याचा बाह्य व्यास 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग असतो. ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो तर जेमतेम 9 मायक्रॉनचा असल्यामुळे तुटलेली टोके जोडण्यासाठी ताकदीपेक्षा स्थिर हात आणि कोरडी बोटे अधिक लागतात. नागपूरचा उन्हाळा नेमक्या याच दोन गोष्टी हिरावून घेतो. 23 मे 2013 रोजी येथील कमाल तापमान 47.9 अंश सेल्सिअसवर गेले होते, आणि तारा तुटायच्या तेव्हा तुटतात. त्या पारा पाहत नाहीत.

तुटीचे ठिकाण ओटीडीआर नावाच्या यंत्राने शोधले जाते. हे यंत्र तंतूत प्रकाशाचे स्पंद सोडते आणि परतलेल्या प्रकाशाला लागलेल्या वेळेवरून अंतर काढते. मात्र ते अंतर तंतूच्या लांबीचे असते, रस्त्याचे नव्हे. पुढेमागे जोड द्यावा लागेल म्हणून खांबाखांबांवर केबलची वेटोळी, म्हणजे लूप, राखून ठेवलेली असतात आणि ती कोठे व किती आहेत हे ठाऊक नसेल, तर यंत्राने सांगितलेली जागा बरीच पुढे सरकून दिसते. म्हणून सीताबर्डीपासून महालापर्यंतची प्रत्येक गल्ली पायाखाली घातलेला पर्यवेक्षक कार्यालयात बसूनही आपल्या माणसाची उन्हातली पायपीट वाचवू शकतो; या धंद्यातील सहृदयतेचा मोठा भाग अशा रुक्ष दिसणाऱ्या माहितीतच असतो.

जागा सापडली की तंतूवरचे आवरण सोलून, तो अल्कोहोलने पुसून, क्लीव्हरने काटकोनात कापला जातो आणि स्प्लायसिंग यंत्रातील विद्युत ठिणगीने दोन्ही टोके वितळवून एकजीव केली जातात. चांगल्या जोडात प्रकाशाची हानी 0.1 डेसिबलपेक्षा कमी राहते. घामाचा ओघळ किंवा धुळीचा कण मध्ये आला, तर जोड मोडून पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. मुख्य तंतूचा प्रकाश स्प्लिटर नावाच्या विभाजकातून बहुधा 32 किंवा 64 घरांत वाटला जात असल्याने एका तुटीमागे तेवढ्या तक्रारी येऊ शकतात, आणि त्यांतील प्रत्येक जण ‘किती वेळ?’ एवढेच विचारतो. ज्याने स्वतः जोड मारले आहेत तो अधिकारी दोन तास लागणार असतील तर दोन तासच सांगतो. ज्याने मारलेले नाहीत तो अर्धा तास सांगून मोकळा होतो, आणि त्या अर्ध्या तासाची बोलणी शिडीवर उभा असलेला माणूस खातो.

तारा तोडणारा मोठा शत्रू म्हणजे खोदकाम. सिमेंटचे रस्ते, गटारे, मेट्रो अशी कामे चालू असलेल्या शहरात खोदणाऱ्याने भूमिगत वाहिन्यांच्या मालकांना आधी कळवावे, यासाठी केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. जेसीबीचा चालक ते उघडून पाहील ही अपेक्षा जरा भाबडीच. पुराचे संकट मात्र वेगळे असते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळून अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. काच पाण्याने लगेच निकामी होत नाही. बंद पडतात ती दोन्ही टोकांची विजेवर चालणारी उपकरणे, आणि ग्राहकाकडचे उपकरण बहुधा तळमजल्यावरच असते. घरातला चिखल उपसणाऱ्या माणसाकडे त्या दिवशी उपकरणाची भरपाई मागायची की आधी जोडणी सुरू करायची, हे दारात उभ्या तंत्रज्ञाला आपल्या जबाबदारीवर ठरवावे लागू नये. तो निर्णय वरच्याने घेऊन, लेखी कळवून, त्याचा दोष आपल्या माथी घ्यायला हवा.

उन्हाळ्यात, जे काम थांबू शकते ते रात्री करणे शहाणपणाचे असते, कारण हात कोरडा राहतो आणि वर्दळही कमी असते. त्यासाठी दुसऱ्या दिवशीची पाळी उशिरा लावावी लागते, आणि सोडवलेल्या तक्रारींच्या रोजच्या तक्त्यात सकाळचा जो खड्डा पडतो त्याचा जाब वरिष्ठांना पर्यवेक्षकालाच द्यावा लागतो.