सहा गठ्ठे आणि ईमेलचा ढीग: गैरसमज व वस्तुस्थिती

अनेक ईमेल-याद्यांचे, म्हणजे एका पत्त्यावर आलेले पत्र सर्व सदस्यांकडे पोचवणाऱ्या व्यवस्थांचे, सदस्यत्व घेणाऱ्यांत असा समज रूढ आहे की, प्रत्येक यादीसाठी स्वतंत्र कप्पा केला की वर्गवारी पुरी झाली. वस्तुतः अशा कप्प्यावरून पत्र कोठून आले एवढेच कळते. त्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न कागदाच्या ढिगापुढे अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हाधिकारी कार्यालयात सोडवला गेला. 1980च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी दप्तराची जी फेररचना केली, तीतील सहा गठ्ठे पद्धतीत कागद पाठवणाऱ्यानुसार नव्हे, तर कार्यवाहीच्या अवस्थेनुसार लागतात: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे जाणारी प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. तहसीलदाराकडून अहवाल मागवला आणि तो येण्यास अवधी लागणार असला, तर प्रकरण प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात जाते व अहवाल आला की पुन्हा हाती घेतले जाते. लखीना पद्धत म्हणजे नुसती टापटीप, हा समज म्हणूनच उथळ आहे. आलेले टपाल कार्यविवरण नोंदवहीत चढवणे आणि दर आठवड्याला शिलकीचा गोषवारा काढणे, हा तिचा कणा आहे. ईमेलमध्ये न वाचलेल्या पत्रांचा आकडा हा असा गोषवारा नव्हे, कारण वाचलेले पत्रही प्रलंबित असू शकते.

विषयातील शब्दांवरून गाळणी लावणे पुरेसे असते, हेही खरे नाही, कारण उत्तरे देताना विषय बदलतो. 2001च्या आरएफसी 2919 या मानकाने ‘लिस्ट-आयडी’ हे यादीची ओळख सांगणारे शीर्ष ठरवून दिले असून, जे यादी-व्यवस्थापक ते जोडतात, त्यांच्या पत्रांसाठी गाळणी त्यावरच लावावी. जीमेलमध्ये ‘आर्काइव्ह’ केलेले पत्र नाहीसे होते, ही भीतीही निराधार आहे. त्याचे फक्त ‘इनबॉक्स’ हे लेबल निघते.

राहता राहिला सर्व काही जपून ठेवण्याचा आग्रह. महाराष्ट्राच्या शासकीय दप्तरात ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम राहतात, ‘ब’ वर्गाचे 30 वर्षे. ‘ड’ वर्गाचा कागद मात्र वर्षभरानंतर नष्ट केला जातो.