रुखरुख आणि पश्चात्ताप

तव्यावर भाकरी असेल तर करपू देऊ नका, हात चालू ठेवून ऐका.

गेल्या महिन्यात एका दहाव्याला गेले होते. पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. एकेक जण पुढं होऊन काहीबाही कबूल करत होता. शेवटी थोरली सून पुढं आली आणि हात जोडून म्हणाली, "आत्या, चुकलं माझं. तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं आणि मी म्हशीचं निमित्त करून उठले." मग ती रडायलाच लागली. परत येताना जीपमध्ये एका बाईनं मला विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती लोक काय करता हो, असं काही मनात राहून गेलं तर? तुमच्यात तर कावळा नसतो." जीपमध्ये धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आज इथं बोलते आहे.

आमच्यात रीत अशी. कॅथलिक मंडळी धर्मगुरूपुढं जाऊन चूक बोलून दाखवतात. आमच्यासारख्या मिशनच्या मंडळींत प्रभुभोजनाच्या आधी ज्यानं त्यानं स्वतःला तपासायचं आणि देवापुढं कबूल व्हायचं. पण ही झाली रीत. तिच्या आत काय आहे ते समजायला बायबलमधली दोन माणसं घेऊ, यहूदा आणि पेत्र. दोघंही येशूचे शिष्य, त्याच्याबरोबर जेवलेले.

यहूदानं चांदीच्या तीस नाण्यांसाठी येशूला पकडून दिलं. पेत्र रात्री अंगणातल्या शेकोटीशी बसला होता. एका दासीनं विचारलं, तू त्याच्याबरोबरचा ना? हा घाबरला आणि म्हणाला, मी ओळखतसुद्धा नाही. तीन वेळा असं म्हणाला, आणि कोंबडा आरवला. आता नीट बघा, वाईट दोघांनाही वाटलं. यहूदानं तर नाणी परत नेऊन टाकली, आणि जाऊन गळफास घेतला. पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला, पण पळून गेला नाही, बाकीच्यांत राहिला. पुढं उठलेल्या येशूनं तळ्याकाठी त्याला गाठलं. तिथंही कोळशाचा विस्तवच होता. "का नाकारलंस?" असं एकदाही विचारलं नाही. माझ्यावर प्रेम आहे का, एवढंच तीन वेळा विचारलं आणि दर वेळी काम दिलं, माझी मेंढरं सांभाळ.

माझ्या मते सगळा फरक इथं आहे. रुखरुख माणसाला एकटं पाडते. पश्चात्ताप माणसाला परत माणसांत आणतो आणि हाताला काम देतो. नवा करार मूळ ग्रीक भाषेतला. त्यात पश्चात्तापासाठी जो शब्द आहे, मेटानोइया, त्याचा अर्थ मन पालटणं असा आहे. रडणं त्यात असेल किंवा नसेल. चुकीच्या रस्त्यानं निघालेली बाई चूक कळल्यावर रस्त्यातच बसून कपाळ बडवत राहिली, तर ती घरी कधी पोचायची?

ज्या बाईनं हे जगून दाखवलं तिचं ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे, दौंड तालुक्यात केडगावला. पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारं कुटुंब. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळ होतं ते दानधर्मात आणि तीर्थांत संपलं होतं. मजुरी करायची त्या घराला सवय नव्हती आणि मागायची लाज वाटत होती. वडील गेले, पाठोपाठ आई अंथरुणाला लागली. आईनं खायला मागितलं तेव्हा सोळा वर्षांची रमा शेजारच्या बाईकडं गेली, पण तोंडातून शब्द फुटेना. कसाबसा भाकरीचा तुकडा मागून आणला, तोवर आईला तो खाण्याची शुद्ध उरली नव्हती. पुढं बहीणही गेली, आणि 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882 मध्ये नवरा गेला. पदरात लहान मुलगी होती.

हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मी वाचलं तेव्हा तो भाकरीचा तुकडा माझ्या मनातून जाईना. थोडं आधी गेले असते तर, थोडी लाज सोडली असती तर! बाई जन्मभर एवढंच घोकत बसली असती तर कुणी नावं ठेवली नसती.

1896-97 मध्ये पुन्हा दुष्काळ आला, मध्य प्रांतात. तेव्हा रमाबाई पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. हाताशी पैसा नव्हता, आणि आहेत त्याच मुली सांभाळणं जड जात होतं. पण आपल्या उपाशी दिवसांची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या तिकडं गेल्या, निराधार मुली आणि विधवा गोळा करून आणल्या. केडगावच्या शेतजमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या, तेच मुक्ती मिशन. तिथं मुलींना काय शिकवलं बघा. अक्षर तर शिकवलंच, शिवाय विणकाम, शेती, छापखाना, तेलाचा घाणा. ज्या घरात काम करायची लाज उपासमारीला कारण झाली, त्या घरातल्या मुलीनं शेकडो मुलींच्या हाताला काम दिलं. हा सांधा मी जोडते आहे, पण मला तो उगाच जोडल्यासारखा वाटत नाही. ते मिशन आजही चालू आहे.

त्यांची आणखी एक गोष्ट आम्हा ख्रिस्ती बायकांना जास्त टोचते. 1883 मध्ये इंग्लंडला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ज्याच्या नावाचा तो धर्म तो ख्रिस्तच आपल्याला भेटलेला नाही. हेही त्यांनी मोकळेपणानं 1907 साली छापून सांगितलं. तोवर त्या जगभर नावाजलेल्या होत्या! आपण साधं हळदीकुंकवाला उशीर झाला तरी कारण बनवून सांगतो. नंतर मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून. 1922 मध्ये त्या वारल्या, आणि ते पूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं.

आता एक गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. प्रत्येक रुखरुख आपली नसते. नवरा दारू पितो याचा दोष बायको घेते. रात्री गाडी मिळाली नाही आणि लेकरू दगावलं, याचा दोष आई घेते. चर्चमध्येसुद्धा बाईलाच "पश्चात्ताप कर" म्हणणारे भेटतात. ज्यात तुमचा हात नव्हता ते दुःख आहे, पाप नव्हे. त्यावर रडा, जवळच्या बाईपाशी बोला, पण कबुली देऊ नका.

ऑस्ट्रेलियात ब्रॉनी वेअर नावाच्या बाई मरणाच्या दारातल्या माणसांची सेवा करत. त्यांची शेवटची हळहळ काय होती, यावर त्यांचं पुस्तक गाजलं. मनासारखं जगलो नाही, फार काम केलं, मनातलं बोललो नाही, मैत्री टिकवली नाही, आनंदात राहिलो नाही. सगळं खरं, आपल्यालाही लागू आहे. पण त्या यादीत मी कुणाचं काय देणं लागते हे नाही, आणि बायबल तर आधी तेच विचारतं. देवापुढं दान ठेवायला आलात आणि आठवलं की कुणाचं मन दुखावलंय, तर दान तिथंच ठेवून आधी तिकडं जा, असं येशूचं सांगणं आहे. यरीहोचा जकातदार जक्कय बुटका होता, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा तो काही रडला नाही. उभा राहिला आणि हिशोब सांगितला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत.

या जक्कयानं मला फार वर्षं छळलं. मी गटाची सचिव होते तेव्हा एका महिन्याला पाचशे रुपये कमी भरले. पैसे मोजायला माझ्याबरोबर एक जण बसली होती. विधवा, दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाणारी. मी तिला चोर म्हटलं नाही. सगळ्यांसमोर एवढंच म्हटलं, "आपण दोघीच तर होतो." पुढच्या महिन्यात तिनं नाव काढून घेतलं. तिच्या बचतीतून पाचशे कापून बाकीचे दिले. आठ महिन्यांनी हिशोब तपासणीसाठी जुनं रजिस्टर काढलं, तर प्लास्टिकच्या कव्हराच्या आत ती नोट. मी नोट पेटीत टाकली, "जमा" लिहिलं आणि गप्प बसले. दोन वर्षं. दर प्रभुभोजनाला आठवायचं, दर वेळी मी डोळे मिटून देवाची माफी मागायची आणि घरी यायची.

शेवटी एकदा भातलावणी उरकल्यावर तिच्या दारात गेले. ती तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं. मान वर न करता म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी घेतले नव्हते हे मला माहीतच होतं. ज्यांच्यापुढं बोललात, त्यांच्यापुढं सांगा."

देवापुढं बोलणं सोपं होतं, ते सतरा बायकांपुढं बोलणं फार अवघड गेलं. पण बोलले, आणि इतिवृत्तात लिहून खाली सही केली. मग शिलाईचे साठवलेले दोन हजार घेऊन पुन्हा तिच्याकडं गेले. पाचशेचे चौपट. तिनं मोजले, पाचशे काढून घेतले आणि बाकीचे माझ्या हातात ठेवले. "हे माझे. ते तुमचे."

गटात ती परत आली नाही. आता हायवेला एसटीची वाट बघताना भेटतो तेव्हा विचारते, "काय, आज उशीर?"