उरलेल्या तीन पायांसाठी

समोरच्या इमारतीतल्या काकूंचा शेरू ऐन पावसाळ्यात टेम्पोखाली आला. मागच्या डाव्या पायाच्या हाडांचा चुरा झाला होता, डॉक्टरांनी पाय खुब्याजवळून काढला. तिसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं तेव्हा मी सोबत होतो. रिक्षातून उतरून शेरू फाटकापासून जिन्यापर्यंतच्या खडबडीत शहाबादीवरून तीन पायांवर टुणटुण उड्या मारत गेला. घरात शिरला आणि चकचकीत टाइल्सवर फतकल मारून पडला. उठायचा, उरलेला मागचा पाय बाहेरच्या बाजूला सटकायचा, पुन्हा पडायचा. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता हा असाच राहणार का रे?"

पण दोन मिनिटांपूर्वी तर तो चालला होता! त्याला पाडलं ते फरशीनं.

पाय काढलेली बहुतेक कुत्री एकदोन दिवसांत आपली आपण उभी राहतात. गेलेल्या पायाचा शोक करत बसतो तो माणूस. कुत्र्याच्या दृष्टीनं खरा प्रश्न उरलेल्या तीन पायांचा असतो, कारण ओझं तेवढंच राहतं आणि खांदे कमी होतात.

हे ओझं कसं वाटलं जातं ते पाहण्यासारखं आहे. चार पायांवर उभ्या असलेल्या कुत्र्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, कारण डोकं, मान आणि छाती पुढे असते. शेरूसारख्या वीस किलोच्या गावठी कुत्र्याच्या पुढच्या प्रत्येक पायावर सहा किलो आणि मागच्या प्रत्येक पायावर चार किलो पडतात. मागचा एक पाय गेला, की उरलेल्या मागच्या पायावर साधारण सव्वापाच किलो येतात आणि पुढच्या प्रत्येकावर सातच्या थोडं वर. पुढचा पाय गेला तर मात्र उरलेल्या एकट्या पुढच्या पायावर नऊ किलोंहून अधिक भार येतो, म्हणजे पूर्वीच्या दीडपट. म्हणून पुढचा पाय गमावलेल्या कुत्र्याला सावरायला जास्त कष्ट पडतात. तो एकटा पंजा हळूहळू छातीच्या मध्यरेषेखाली सरकतो आणि प्रत्येक उडीला मान वर झेपावते. ती मान हे त्याचं वजनकाट्याचं दुसरं पारडं असतं.

आणखी एक गोष्ट पाहणाऱ्याला चकवते. तीन पायांचं कुत्रं पळताना छान दिसतं, हळू चालताना अडखळतं. एक पाय उचलला की खाली दोनच उरतात. वेगात असताना तोल जायच्या आत पुढचं पाऊल पडलेलं असतं. संथ चालीत प्रत्येक पावलाला तोल स्नायूंच्या जोरावर धरून ठेवावा लागतो. त्यामुळे तो पळतोय म्हणजे बरा झाला, असं समजू नका. सावकाश चालता येणं आणि निवांत उभं राहता येणं, हीच खरी परीक्षा.

त्या परीक्षेची तयारी मेंदूतही चालू असते. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं. स्नायू आणि सांध्यांमधल्या संवेदकांकडून येणाऱ्या या जाणिवेला इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये 'प्रोप्रिओसेप्शन' हे नाव दिलं. पाय गेला की मेंदूजवळचा शरीराचा नकाशा जुना होतो. तो नव्यानं आखायला सराव लागतो, आणि तो घरच्या घरी करून घेता येतो.

काकूंनी शेरूचा सराव चपातीच्या तुकड्यानं करून घेतला. त्याला उभं करायचं, तुकडा नाकासमोर धरून सावकाश खांद्याकडे न्यायचा, मग कमरेकडे, मग दुसऱ्या बाजूला. मान वळते तसा भार एका पायावरून दुसऱ्यावर सरकतो, पोटाचे आणि पाठीचे स्नायू ताणून धरले जातात. पहिल्या दिवशी शेरू तिसऱ्या वेळेलाच मट्‌कन बसला. तिथेच थांबायचं, दमलेल्या स्नायूंकडून काम करून घ्यायचं नाही. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघाले आणि डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हा बसून उठण्याचा व्यायाम सुरू झाला. नंतर जमिनीवर आडव्या ठेवलेल्या झाडूच्या दांड्यांवरून सावकाश चालणं. फिरवणं पाच-पाच मिनिटांचं, पण दिवसातून चारदा. सुरुवातीला पोटाखालून जुना टॉवेल घेऊन त्याची टोकं काकू हातात धरत. उचलायचं नाही, फक्त पडू द्यायचं नाही.

मोठ्या शहरांत काही ठिकाणी पाण्यातली ट्रेडमिल मिळते. जखम पूर्ण भरल्यावर ती फार उपयोगी पडते. पाणी खुब्यापर्यंत असेल तर पायांवर जमिनीवरच्या भाराच्या जेमतेम ३८ टक्के भार राहतो आणि पाण्याच्या विरोधामुळे स्नायूंना कामही मिळतं.

वेदनेबद्दल मात्र जपून राहायला हवं. अमेरिकेच्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना नसलेला अवयव दुखतो, हे सायलस वेअर मिशेल यांनी १८७१ मध्ये लिहिलं आणि 'फँटम लिंब' हा शब्द रूढ झाला. कुत्रं सांगू शकत नाही, पण ते अचानक किंचाळलं, पाय काढलेल्या जागेकडे वळून पाहत राहिलं, तिथे चाटत-चावत राहिलं, तर पशुवैद्यांना लगेच सांगा. त्यावर औषधं आहेत. आपल्या डब्यातली आयबुप्रोफेनची गोळी कधीही देऊ नका. कुत्र्याच्या जठरात तिनं व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आणि वजन. "बिचाऱ्याचा पाय गेला" म्हणून येणारा-जाणारा प्रत्येक जण बिस्किट देतो. शेरूचं वजन दोन किलोंनी वाढलं, तर ते दोन किलो तीनच पायांवर पडणार. उरलेल्या सांध्यांचं आयुष्य त्यानं कमी होतं. ही माया मला मान्य नाही. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत, कमरेला खाच दिसली पाहिजे.

शेरू आता गच्चीपर्यंत जातो, जिन्यात काकू मागे असतात. त्याच्या घरात रबरी पायपुसण्यांची एक वाट आहे: दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून त्याच्या गोधडीपर्यंत. पंज्याच्या गाद्यांमधले केस आणि नखं दर पंधरवड्याला कापली जातात, म्हणजे पकड सुटत नाही. तुमच्या घरी असं कुत्रं यायचं असेल, तर ते दवाखान्यात असतानाच ही वाट अंथरून ठेवा. सतरंजी नको, ती त्याच्यासकट घसरते.